घरगुती इंटरनेट जोडणीची निवड : शिक्षकांसाठी काही विचार

इंटरनेटची सोय आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. शहराच्या सीमेलगत किंवा तालुक्याच्या ठिकाणी वाढत चाललेल्या मध्यम वस्तीच्या गावांतही एकाच खांबावरून तीन-चार सेवादात्यांच्या तारा गेलेल्या दिसतात. आसपासच्या खेड्यांतील प्राथमिक शाळांचे पुष्कळ शिक्षक अशा गावांत राहतात. यू-डायसची माहिती भरणे, शालार्थ प्रणालीतील नोंदी पाहणे, दीक्षावरील पाठ उतरवून घेणे, प्रशिक्षणवर्गास घरून उपस्थित राहणे ही कामे बहुधा घरच्या जोडणीवरच पार पडतात. यास्तव कोणती जोडणी घ्यावी हा प्रश्न शिक्षकाच्या दैनंदिन कर्तव्याशी निगडित झाला आहे.

या प्रश्नास दुसरीही एक बाजू आहे. गावातील पालक अशा बाबतीत शिक्षकाचाच सल्ला घेतात. "गुरुजी, कोणते वायफाय घ्यावे?" हा प्रश्न साधा दिसला तरी त्यामागे एखाद्या कुटुंबाची सहा महिन्यांची आगाऊ रक्कम असते. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नसते. ती चुकीच्या जोडणीत अडकली, आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाच्या अखेरच्या दिवशी जोडणी बंद पडली, तर हानी केवळ पैशाची राहत नाही. म्हणून सेवादात्यांची तुलना कशी करावी, याचा पद्धतशीर विचार येथे केला आहे. अमुक एका कंपनीची शिफारस करणे हा या लेखाचा उद्देश नाही. तुलना करण्याची रीत एकदा हाती आली म्हणजे प्रत्येक गावाचे उत्तर त्या गावासच काढता येईल.

१. जोडण्यांचे प्रकार

भारतात सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेट सेवा प्रथम १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने उपलब्ध करून दिली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून क्रमांक फिरवून जोडणी मिळवावी लागे. २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस ठरविला होता. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने तो २ एमबीपीएस केला. याचा अर्थ असा की, 'ब्रॉडबँड' या शब्दाने फार मोठे आश्वासन मिळते असे नाही. दोन एमबीपीएसची जोडणीही नियमाने ब्रॉडबँडच होय.

आज मध्यम वस्तीच्या गावात सामान्यतः पुढील प्रकार आढळतात.

पहिला प्रकार टेलिफोनच्या तांब्याच्या तारेचा. या जोडणीचा वेग दूरध्वनी केंद्रापासून घर जितके दूर तितका कमी होत जातो. चार-पाच किलोमीटरच्या पलीकडे ती जेमतेमच उपयोगी पडते.

दुसरा प्रकार फायबरचा, म्हणजे काचतंतूचा. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश जातो. प्रकाशाचा काचेतील वेग सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर असल्यामुळे, आणि काही किलोमीटर अंतराने त्याची शक्ती फारशी घटत नसल्यामुळे, हा प्रकार सर्वांत भरवशाचा मानला जातो. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक ठिकाणी केंद्रापासून निघालेला एक तंतू खांबावरील पेटीत विभागून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिलेला असतो. प्रचलित पद्धतीत त्या एका तंतूवर सुमारे अडीच हजार एमबीपीएस इतका प्रवाह येतो व तो सर्व घरे वाटून घेतात.

तिसरा प्रकार स्थानिक केबलचालकाचा. दूरचित्रवाणीची केबल देणारा मनुष्यच कोठून तरी मोठी जोडणी घेऊन ती घरोघरी वाटतो. काही केबलचालकांनी आता उत्तम फायबर टाकले आहे. काहींच्या तारा अद्याप झाडांवरून व पत्र्यांवरून लोंबत गेलेल्या दिसतात.

चौथा प्रकार हवेतून मिळणाऱ्या जोडणीचा. घराच्या गच्चीवर किंवा भिंतीवर एक पेटी बसवितात. ती मोबाइलच्या मनोऱ्याकडून संदेश घेते. २०२३ मध्ये दोन मोठ्या मोबाइल कंपन्यांनी 'एअरफायबर' या नावाने ही सेवा सुरू केली. नावात फायबर असले तरी घरापर्यंत तंतू येत नाही, हे पालकांस स्पष्ट करून सांगावे. मनोरा जवळ असेल व त्यावर गर्दी कमी असेल तर ही सेवा चांगली चालते.

पाचवा प्रकार मोबाइलच्या हॉटस्पॉटचा. बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा असते. एका माणसाच्या किरकोळ कामास ते पुरते; चार माणसांच्या घरास पुरत नाही.

सहावा प्रकार उपग्रहाचा. पृथ्वीच्या तुलनेने स्थिर भासणारे उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणे, असा चार वेळा हा प्रवास होतो. म्हणजे एकूण सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. सेकंदास तीन लाख किलोमीटर वेगाने जाणाऱ्या संदेशालाही त्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि म्हणून अशा जोडणीवर संभाषण अडखळते. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांत हा दोष पुष्कळ कमी होतो. जेथे तार व मनोरा दोन्ही नाहीत अशा वाड्यापाड्यांसाठीच हा प्रकार मुख्यतः विचारात घ्यावा.

याशिवाय भारतनेटचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याची ही योजना २०११ साली मंजूर झाली व २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात तंतूची मांडणी वर्तुळाकार करावयाची आहे. सरळ रेषेत टाकलेली तार एका जागी तुटली की पुढील सर्व गावे बंद पडतात. वर्तुळाकार मांडणीत संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. आपल्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ही जोडणी पोहोचली आहे काय, तेथील यंत्र चालू आहे काय, व तेथून शाळेस जोडणी मिळेल काय, ही चौकशी शाळेसाठी दुसरी कोणतीही जोडणी घेण्यापूर्वी ग्रामसेवकांकडे करावी.

२. वेगाचा आकडा कसा वाचावा

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत वेगाचा आकडा असतो. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदास किती दशलक्ष बिट, असा दिलेला असतो. धारिका व चित्रफिती मात्र एमबीमध्ये, म्हणजे बाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदास १०० एमबी उतरत नाहीत. पूर्ण वेग मिळाला तरी साडेबारा एमबीच उतरतात. 'शंभरचे घेतले, पण शंभर येत नाही' या नेहमीच्या तक्रारीपैकी काही तक्रारींचे मूळ या आठाच्या भागाकारात असते.

पुढील प्रश्न, एका घरास किती वेग लागतो हा. स्पष्ट चित्राची चित्रफीत पाहण्यास सुमारे ५ एमबीपीएस, समोरासमोर बोलण्याच्या वर्गास १ ते २ एमबीपीएस, व इतर किरकोळ कामांस दोन-तीन एमबीपीएस पुरेसे होतात. एका घरात एकाच वेळी दोघे चित्रफीत पाहत आहेत, एक प्रशिक्षणवर्गात आहे आणि एकाचा मोबाइल चालू आहे असे धरले, तरी बेरीज पंधरा एमबीपीएसच्या आसपास येते. त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० एमबीपीएस, खरोखर व सातत्याने मिळाले तर सामान्य कुटुंबाची गरज भागते. तीनशे एमबीपीएसची महाग योजना घेण्याचे कारण बहुतेक घरांत नसते.

या वाक्यातील 'खरोखर व सातत्याने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जाहिरातीत 'पर्यंत' हा लहान शब्द असतो. '१०० एमबीपीएसपर्यंत' याचा अर्थ शंभरहून अधिक मिळणार नाही इतकाच होतो. शंभर मिळेलच असा होत नाही. विहिरीची परीक्षा आषाढात करीत नाहीत, वैशाखात करतात. त्याचप्रमाणे जोडणीची परीक्षा रात्री आठ ते दहा या वेळेत करावी, कारण तेव्हा सगळी आळी एकाच वेळी इंटरनेट वापरीत असते. नवी जोडणी घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घरी त्या वेळी वेग मोजून पाहिला, तर जाहिरातीच्या पत्रकापेक्षा अधिक माहिती मिळते. वेग मोजण्याची साधने मोबाइलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. मोजताना मात्र राउटरच्या जवळ उभे राहावे. जाड दगडी भिंतीपलीकडच्या माजघरात वेग कमी दिसला तर तो दोष पुष्कळदा सेवादात्याचा नसून भिंतीचा असतो, आणि राउटर घराच्या मध्यभागी उंच जागी ठेवल्याने तो दूर होतो.

योजनेतील मर्यादेचीही चौकशी करावी. 'अमर्याद' म्हणून जाहीर केलेल्या पुष्कळ योजनांत महिन्याचा ठरावीक कोटा असतो व तो संपल्यावर वेग एकदम उतरतो. स्पष्ट चित्रफीत एक तास पाहिली तर किती जीबी खर्च होतात हे काढता येते. ५ एमबीपीएस गुणिले ३,६०० सेकंद म्हणजे १८,००० दशलक्ष बिट. भागिले आठ म्हणजे २,२५० एमबी, अर्थात सव्वादोन जीबी. रोज चार तास असा वापर झाला तर महिन्यास २७० जीबी लागतील. कोटा त्याहून कमी आहे की अधिक, हे पाहून निर्णय करावा.

३. उतरण्याचा वेग आणि चढण्याचा वेग

संदेश घराकडे येण्याचा वेग व घरातून बाहेर जाण्याचा वेग हे दोन निरनिराळे आहेत. जाहिरातीत बहुधा पहिलाच सांगतात. शिक्षकाच्या कामात दुसऱ्याचे महत्त्व अधिक आहे, कारण माहिती भरणे, छायाचित्रे चढविणे, उपक्रमाची चित्रफीत पाठविणे व वर्गात स्वतः बोलणे या साऱ्यांसाठी बाहेर जाणारा प्रवाह लागतो.

उदाहरणार्थ, शाळेतील एका उपक्रमाची ३०० एमबीची चित्रफीत पाठवावयाची आहे. चढण्याचा वेग २ एमबीपीएस असेल तर ३०० गुणिले ८ भागिले २, म्हणजे १,२०० सेकंद, अर्थात २० मिनिटे लागतील. तोच वेग ३० एमबीपीएस असेल तर ८० सेकंदांत काम होईल. वीस मिनिटांत मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली तर पुष्कळदा सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते. तांब्याच्या तारेवर व हवेतील जोडणीवर चढण्याचा वेग उतरण्याच्या वेगाच्या मानाने बराच कमी असतो. फायबरच्या पुष्कळ योजनांत दोन्ही वेग सारखे असतात. यास्तव सेवादात्यास 'चढण्याचा वेग किती?' असा स्पष्ट प्रश्न विचारावा.

४. खरा खर्च

जाहिरातीतील रक्कम व खिशातून जाणारी रक्कम यांत फरक पडतो. जाहीर दरावर सध्या १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्याखेरीज जोडणीखर्च, राउटरची किंमत किंवा अनामत, तार लांबवावी लागल्यास तिचा आकार, व सहा किंवा बारा महिन्यांची आगाऊ रक्कम या बाबी असतात. तुलनेसाठी सर्व रकमा एका वर्षाच्या हिशेबात मांडाव्यात. पुढील उदाहरणातील आकडे हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

सेवादाता 'क' याचा जाहीर दर महिन्यास ४९९ रुपये आहे. करासह तो ५८८ रुपये ८२ पैसे होतो. बारा महिन्यांचे ७,०६५ रुपये ८४ पैसे, व जोडणीखर्च करासह १,००० रुपये. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च सुमारे ८,०६६ रुपये. पैसे दरमहा द्यावयाचे.

सेवादाता 'ख' याचा जाहीर दर ४५० रुपये, करासह ५३१ रुपये. वर्षाचे ६,३७२ रुपये. जोडणीखर्च नाही, पण राउटरची अनामत १,५०० रुपये व सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. म्हणजे पहिल्याच दिवशी ३,१८६ अधिक १,५०० मिळून ४,६८६ रुपये द्यावे लागतात.

सेवादाता 'ग' हा तोंडी चारशे रुपये सांगतो. कर नाही, अनामत नाही, पावतीही नाही.

वरवर पाहता 'ग' सर्वांत स्वस्त व 'क' सर्वांत महाग दिसतो. परंतु 'ग' याच्याकडे पावती नसल्यामुळे उद्या सेवा बंद पडली तर आपण त्याचे ग्राहक होतो हेच सिद्ध करणे अवघड जाईल. 'ख' याच्याकडे रोजंदारीवरील कुटुंबाची मोठी रक्कम सुरुवातीसच अडकते, आणि सेवा वाईट निघाली तरी सहा महिने सोडता येत नाही. नवीन सेवादात्याकडे प्रथम एक महिन्याचेच पैसे भरावेत, व अनुभव चांगला आल्यावरच दीर्घ मुदतीच्या सवलतीचा विचार करावा, हा सल्ला पालकांस निःशंकपणे देता येईल. अनामत परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात.

५. चालू दिवस आणि दुरुस्ती

तुलनेतील सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी विचारली जाणारी बाब म्हणजे सेवा महिन्यातून किती दिवस चालते ही होय. वरील उदाहरण पुढे चालवू. 'क' याची सेवा तीस दिवसांच्या महिन्यात एक दिवस बंद राहते. 'ख' याची पाच दिवस बंद राहते. 'क' याच्या चालू दिवसास ५८८.८२ भागिले २९, म्हणजे २० रुपये ३० पैसे पडतात. 'ख' याच्या चालू दिवसास ५३१ भागिले २५, म्हणजे २१ रुपये २४ पैसे पडतात. जो स्वस्त वाटला तोच चालू दिवसाच्या हिशेबाने महाग ठरतो. बंद पडलेल्या दिवसांत अडलेल्या कामांची किंमत तर या हिशेबात धरलेलीच नाही.

सेवा बंद पडण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटतो. वादळात खांबावरील तारा ओढल्या जातात. विजेचे भारनियमन झाले की खांबावरील किंवा सेवादात्याच्या केंद्रातील यंत्रे बंद होतात. घरातील फायबरची पेटी व राउटर यांनाही वीज लागते. लहानशी बॅटरी लावल्यास तास-दोन तासांचा खंड टाळता येतो. परंतु सेवादात्याच्याच केंद्रात विजेची पर्यायी सोय नसेल तर घरच्या बॅटरीचा उपयोग होत नाही. तेव्हा 'वीज गेल्यावर तुमची जोडणी किती वेळ चालते?' हा प्रश्न शेजारच्या ग्राहकांस अवश्य विचारावा.

येथे आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोठ्या नावाच्या सेवेतही घरापर्यंतची तार ओढणे व दुरुस्ती करणे ही कामे पुष्कळदा स्थानिक भागीदाराकडे सोपविलेली असतात. त्यामुळे एकाच कंपनीची सेवा एका गावात उत्कृष्ट, तर तीन मैलांवरील दुसऱ्या गावात निकृष्ट असू शकते. नाव तेच असले तरी हात वेगळे असतात. म्हणून दुसऱ्या शहरातील नातेवाइकाच्या अनुभवावर निर्णय करणे योग्य नव्हे. आपल्या आळीत तार तुटली तर ती जोडावयास कोण येतो, तो कोठे राहतो, त्याच्याकडे तंतू जोडण्याचे यंत्र आहे काय, व मागील पावसाळ्यात त्यास यावयास किती वेळ लागला, ही माहिती कंपनीच्या नावाहून अधिक उपयोगी पडते.

६. महिन्याची नोंदवही

वरील सर्व बाबी ऐकीव माहितीवर न सोडता त्यांची नोंद ठेवणे हाच उत्तम मार्ग होय. गावातील निरनिराळ्या सेवादात्यांचे पाच-सहा ग्राहक राजी झाले, तर एका महिन्यात संपूर्ण गावास उपयोगी पडेल अशी नोंदवही तयार होते. प्रत्येकाने पुढील रकाने आखावेत : दिनांक, सकाळी सात वाजताचा उतरण्याचा व चढण्याचा वेग, रात्री नऊ वाजताचे तेच दोन वेग, सेवा किती तास बंद होती, तक्रार केव्हा केली, दुरुस्ती केव्हा झाली, त्या दिवशी पाऊस, वादळ किंवा भारनियमन होते काय. शक्य झाल्यास एक नोंदवही उन्हाळ्यात व एक पावसाळ्यात ठेवावी.

हा उपक्रम सहावी-सातवीच्या गणितास उत्तम जोड देतो. सरासरी, शेकडेवारी, एकमान पद्धती व स्तंभालेख हे घटक मुलांना स्वतःच्या गावाच्या आकड्यांवरून शिकविता येतात. सरासरीची मर्यादाही येथे सहज दाखविता येते. चार रात्रींचे वेग ४०, ३८, २ व ४० असे आले, तर सरासरी ३० येते आणि जोडणी चांगली वाटते. परंतु ज्या रात्री वेग २ होता त्या रात्री काम झालेच नाही. सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही पाहावा, हा धडा मुलांना पुढे पाऊसमान व बाजारभाव यांचे आकडे वाचतानाही उपयोगी पडेल.

मात्र एक दक्षता घ्यावी. कोणाच्या घरी जोडणी आहे व कोणाच्या घरी नाही, याची हजेरी वर्गात घेऊ नये. नोंदी मोठ्या माणसांनी आणून द्याव्यात व मुलांनी गटागटाने त्या आकड्यांवर काम करावे. त्यामुळे ज्यांच्या घरी जोडणी नाही अशी मुलेही बरोबरीने सहभागी होतील. नोंदवहीवर ग्राहकांची नावे न लिहिता आळी व जोडणीचा प्रकार एवढेच लिहावे.

७. तक्रार कशी करावी

चांगल्या सेवेतही बिघाड होतो. अशा वेळी दूरध्वनीवर केवळ बोलून थांबू नये. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा व तो दिनांकासह नोंदवहीत लिहावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या विनियमांनुसार सेवादात्याकडे दोन पायऱ्यांची व्यवस्था असावी लागते. पहिली पायरी तक्रार केंद्राची. तेथे समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत त्याच सेवादात्याच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, व त्या अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. नियामक प्राधिकरण स्वतः प्रत्येक ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, हे माहीत असल्यास अर्ज चुकीच्या ठिकाणी पाठविण्याचे श्रम वाचतात. लहान स्थानिक सेवादात्याकडे जोडणी घेताना अशी व्यवस्था त्याच्याकडे प्रत्यक्षात आहे काय, हे आधीच विचारावे.

राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा क्रमांक १९१५ हा आहे. दूरसंचार सेवेविषयी ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मधील निर्णयात स्पष्ट केले आहे. या सर्व मार्गांवर चालण्यास पावती, तक्रार क्रमांक व बंद दिवसांची नोंद या तीन वस्तू लागतात. पावतीविना घेतलेल्या स्वस्त जोडणीची खरी किंमत अशा वेळी कळून येते.

८. शिक्षकाची भूमिका

काही सेवादाते नवा ग्राहक आणून देणाऱ्यास सवलत किंवा मोबदला देऊ करतात. शिक्षकाने असा लाभ स्वीकारू नये. पालक शिक्षकाचा शब्द प्रमाण मानतात, कारण त्यामागे स्वार्थ नाही अशी त्यांची खात्री असते. एका महिन्याच्या सवलतीसाठी हा विश्वास गमावणे परवडणारे नाही. पालकांनी विचारल्यास कोणाचे नाव न सुचविता नोंदवही पुढे ठेवावी व पाच प्रश्न सांगावेत : रात्री नऊ वाजता वेग किती मिळतो? चढण्याचा वेग किती? करासह वर्षाचा खर्च किती? महिन्यातून किती दिवस बंद असते? तार तुटल्यावर कोण येतो व किती वेळात येतो?

जोडणी घेतल्यावर राउटरचा मूळ संकेतशब्द बदलून घ्यावा, व जोडणी देणाऱ्या माणसास मोबाइलवर येणारा गुप्त क्रमांक तो कशासाठी आहे हे वाचल्याशिवाय सांगू नये, ही सूचनाही पालकांस द्यावी.

शेवटी, गावातील निम्म्या घरांत उत्तम जोडणी आली तरी उरलेल्या घरांतील मुले त्याच वर्गात बसतात, याचा विसर पडू नये. घरी इंटरनेट आहे असे गृहीत धरून दिलेला अभ्यास त्या मुलांना शिक्षेसारखा होतो. त्यांच्यासाठी शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील जोडणीचा वेळ राखून ठेवणे, आवश्यक पाठ शाळेत उतरवून घेऊन वर्गात दाखविणे, आणि वहीत करता येईल असा पर्यायी अभ्यास देणे, हे शिक्षकाच्या हातचे उपाय आहेत. एप्रिल-मे महिन्यांत एक नोंदवही भरून झाली, तर जूनमध्ये शाळा उघडताना पालकांच्या प्रश्नास आकड्यांनिशी उत्तर देता येईल, आणि शाळेची स्वतःची जोडणी निवडताना शाळा व्यवस्थापन समितीपुढेही तीच नोंदवही ठेवता येईल.